डोंगरवाटेसाठी सायकल घेताय? गिअर मोजू नका, आधी चिमटा बघा

सायकलच्या कुठल्याही मोठ्या दुकानात जा आणि 'एमटीबी दाखवा' म्हणा. दहा-बारा हजारांपासून दीड-दोन लाखांपर्यंतच्या सायकली समोर येतील. गंमत म्हणजे चार पावलं लांब उभं राहून पाहिलं तर त्या सगळ्या एकाच घरातल्या वाटतात. जाड टायर, पुढे सस्पेन्शन, डिस्क ब्रेक, फ्रेमवर भडक अक्षरं. मग वीस हजारांची आणि साठ हजारांची यांत फरक तरी काय, असा प्रश्न पडणं साहजिक आहे. तो फरक कळतो टेकडीच्या पहिल्या खऱ्या उतारावर, आणि तिथे तो कळून फारसा उपयोग नसतो.

ज्यांना शनिवार-रविवारी घराजवळच्या टेकडीवर, माळावर, डोंगराच्या पायवाटेवर सायकल चालवायची आहे आणि ज्यांचं बजेट साधारण ३५ ते ७० हजारांच्या मधे आहे, त्यांच्यासाठी हा लेख आहे. शर्यतीत उतरणाऱ्यांचं किंवा दहा फुटांवरून उड्या मारणाऱ्यांचं गणित वेगळं असतं. आणि फक्त ऑफिसला जायला, सोसायटीत फिरायला सायकल हवी असेल तर एमटीबी घेऊच नका. साधी हायब्रिड हलकी पडेल, स्वस्त पडेल आणि डांबरावर जास्त पळेल.

आपली वाट कशी असते?

परदेशातले व्हिडिओ बघून सायकल निवडण्यात एक अडचण आहे. त्या व्हिडिओंतल्या वाटा सायकलसाठीच बांधलेल्या असतात, वळणांना छान उतार दिलेला असतो, माती दाबून घेतलेली असते. आपल्याकडे ट्रेल म्हणजे गुरांची, गावकऱ्यांची, नाहीतर सकाळी फिरायला येणाऱ्यांची पायवाट. पुण्याची वेताळ टेकडी घ्या. वर पठारावर बरी वाट, पण चढता-उतरताना सुटा मुरूम, त्यातून डोकं वर काढलेला काळा कातळ, पावसाच्या पाण्याने पडलेल्या घळी आणि मधेच दगडी पायऱ्या. नाशिक, सातारा, कोल्हापूरकडच्या डोंगरांतही थोड्याफार फरकाने हेच. कोकणात गेलात तर जांभ्याचा खरखरीत सडा, पावसात त्यावर शेवाळ.

यात तीन गोष्टी लक्षात ठेवायच्या. उतारावर घसारा असतो, म्हणजे ब्रेक हळुवारपणे लावता आले पाहिजेत. दगड टोकदार असतात, म्हणजे टायर आणि रिम मजबूत हवेत. आणि काटे असतात. बाभळीचे, बोरीचे आणि सर्वांत वाईट म्हणजे सराट्याचे. पावसाळा संपला की माळावर पसरलेला सराटा सुकतो आणि त्याची काटेरी फळं वाटेत पडून राहतात. कशीही पडली तरी एखादा काटा वर असतोच. हे सगळं डोक्यात ठेवून दुकानात गेलात तर विक्रेत्याच्या निम्म्या बोलण्याला आपोआप चाळणी लागते.

'एमटीबी' हे नाव आहे, हमी नव्हे

फ्रेमवर 'माउंटन' लिहायला कुणाची परवानगी लागत नाही. त्यामुळे नावापेक्षा कंपनी स्वतः त्या सायकलबद्दल काय लिहून देते ते बघा. बऱ्याच आंतरराष्ट्रीय कंपन्या एएसटीएम नावाच्या अमेरिकन मानकाप्रमाणे सायकलींची वापरानुसार वर्गवारी करतात. श्रेणी १ म्हणजे फक्त पक्का रस्ता. श्रेणी २ म्हणजे कच्चा रस्ता आणि फार तर १५ सेंटिमीटरपर्यंतची उडी. श्रेणी ३ म्हणजे खडबडीत पायवाटा आणि ६१ सेंटिमीटरपर्यंतची उडी. हा आकडा फ्रेमवरच्या छोट्या स्टिकरवर किंवा माहितीपुस्तिकेत सापडतो. आपल्या डोंगरवाटेसाठी श्रेणी ३ हवी.

दुकानात पुस्तिका मागायला लाजू नका. कित्येक स्वस्त 'एमटीबी'च्या पुस्तिकेत ही सायकल खडबडीत वाटांवर किंवा उड्यांसाठी वापरू नये, असं बारीक अक्षरात छापलेलं असतं. फ्रेम मोडली आणि वॉरंटी मागायला गेलात की तेच बारीक अक्षर मोठं होतं.

चिमटा: सगळ्यात जास्त वेळ इथे घालवा

पुढच्या चाकाला धरणारा फोर्क, आपल्या सायकलवाल्याच्या भाषेत चिमटा. मध्यम बजेटच्या सायकलीत चांगली आणि कामचलाऊ यांतला खरा फरक इथे असतो, आणि नंतर बदलायला सगळ्यात महागही हाच पडतो.

स्वस्त फोर्कमध्ये आत लोखंडी स्प्रिंग असते, बस्स. खड्डा आला की ती दबते आणि जितक्या जोरात दबली तितक्याच जोरात उसळते. सपाटीवर ही उसळी मजेची वाटते. उतारावर दगडामागून दगड आले की पुढचं चाक जमिनीला टेकायच्या आधीच पुन्हा उडतं, आणि जे चाक जमिनीला टेकलेलं नाही ते वळतही नाही आणि थांबतही नाही. चांगल्या फोर्कमध्ये ही परतीची उसळी मंदावण्यासाठी तेलाची यंत्रणा असते. तिला रिबाउंड म्हणतात आणि तिचा वेग कमी-जास्त करायची छोटी घुंडी बहुधा उजव्या पायाच्या तळाशी असते. दुकानात खाली वाकून ती घुंडी आहे का बघा. नसेल तर तो फोर्क या बजेटच्या खालच्या टोकाचा आहे असं समजा.

दुसरा मुद्दा स्प्रिंगचा की हवेचा. लोखंडी स्प्रिंग सरासरी वजनाच्या माणसाचा विचार करून बसवलेली असते. ५० किलोच्या मुलीला ती दबतच नाही, ९५ किलोच्या गड्याला ती टेकते. हवेच्या फोर्कमध्ये आपल्या वजनाप्रमाणे हवा भरता येते, आणि तो अर्ध्या किलोच्या आसपास हलकाही असतो. सायकलवर नुसतं उभं राहिल्यावर फोर्क त्याच्या एकूण हालचालीच्या साधारण पाचवा हिस्सा दबला पाहिजे, हा हवा भरण्याचा सोपा हिशोब. मात्र ही हवा टायरच्या पंपाने भरत नाहीत. त्यासाठी छोटा वेगळा शॉक पंप लागतो, तो सायकलसोबतच मागून घ्या.

नावं सांगायची तर सनटूरच्या फोर्कमध्ये एक्ससीई आणि एक्ससीटी या खालच्या पायऱ्या, मग एक्ससीएम, मग एक्ससीआर आणि त्यावर रेडॉन. एक्ससीआर स्प्रिंगचाही येतो आणि हवेचाही, म्हणून 'एअर' हा शब्द आहे का तो बघा. रॉकशॉक्सचे जुडी आणि रेकॉन या बजेटच्या वरच्या टोकाला भेटतात. फोर्कच्या चकचकीत नळ्यांची जाडीही बघण्यासारखी आहे. २८ मिलिमीटरच्या नळ्या दगडांत वाकल्यासारख्या होतात, हँडल एकीकडे आणि चाक दुसरीकडे जातं. ३२ मिलिमीटरच्या नळ्या सरळ राहतात.

हालचाल किती हवी? १०० ते १२० मिलिमीटर भरपूर झाली. 'नंतर १५० चा टाकू' हा विचार सोडून द्या. फ्रेम ज्या लांबीसाठी बनली आहे त्याहून लांब फोर्क बसवला तर पुढची बाजू उंचावते, फ्रेमच्या गळ्यावर ताण येतो आणि वॉरंटी जाते.

जे बदलता येत नाही ते आधी बघा

सीट, पायडल, ग्रिप, टायर हे सगळं पुढे सवडीने बदलता येतं. फ्रेम बदलता येत नाही. म्हणून कमी किमतीत चांगली फ्रेम आणि साधे भाग असलेली सायकल, साध्या फ्रेमवर चमकदार भाग टाकलेल्या सायकलीपेक्षा नेहमीच बरी. हे मत सगळ्या दुकानदारांना पटेलच असं नाही.

फ्रेमचा गळा, म्हणजे जिथून फोर्कची नळी वर हँडलकडे जाते तो भाग, खाली जाड आणि वर बारीक असेल तर त्याला टेपर्ड म्हणतात. आजकालचे बहुतेक सगळे चांगले फोर्क टेपर्डच येतात. गळा वरपासून खालपर्यंत सरळ, एकाच जाडीचा असेल तर उद्या चांगला फोर्क घ्यायचं ठरवलंत तरी पर्याय हाताच्या बोटांवर मोजण्याइतके उरतील.

दुसरी लपलेली गोष्ट मागच्या चाकात. विचारायचा प्रश्न एकच: 'कॅसेट आहे की फ्रीव्हील?' मागे सात किंवा कमी दातेरी चकत्या असतील तर बहुधा फ्रीव्हील असतं. त्यात उजवीकडचं बेअरिंग आत सरकलेलं असतं, त्यामुळे आसाचं टोक आधाराविना लांब बाहेर राहतं आणि दगडावर आपटून आपटून तो आस वाकतो, प्रसंगी मोडतो. कॅसेटच्या हबमध्ये बेअरिंग चाकाच्या कडेला असतं, आसाला आधार मिळतो. शहरात हा फरक वर्षानुवर्षं जाणवणार नाही. डोंगरात काही महिन्यांत जाणवू शकतो.

आस खटक्याच्या लिव्हरने आवळलेला बारीक आहे की आरपार जाणारा जाड थ्रू-अॅक्सल आहे, तेही बघा. थ्रू-अॅक्सल सरसच. पण पन्नास हजारांच्या आत तो नसेल तर सायकल नाकारण्याचं कारण नाही. फ्रेम अॅल्युमिनियमची चालेल, चांगल्या क्रोमोली पोलादाचीही चालेल. या बजेटमध्ये कुणी नवी कार्बन फ्रेम देऊ करत असेल तर मात्र दोनदा विचार करा.

ब्रेक: एका जळक्या वासाची गोष्ट

माउंटन बाइक जन्मली तीच ब्रेकच्या कटकटीतून, असं म्हटलं तर फार चूक ठरणार नाही. कॅलिफोर्नियातल्या मरिन काउंटीत काही हौशी पोरं १९३०-४० च्या काळातल्या जुन्या जाड टायरच्या सायकली डोंगरावर नेऊन खाली सोडत. २१ ऑक्टोबर १९७६ ला त्यांनी पहिली शर्यत लावली. साडेतीन किलोमीटरच्या आत सुमारे ४०० मीटर उतार. त्या सायकलींना पायडल उलटं फिरवून लावायचा ब्रेक असे, आणि खाली पोहोचेपर्यंत हबमधलं ग्रीस तापून धूर होऊन जाई. मग हब खोलून पुन्हा ग्रीस भरायचं, म्हणजे 'रिपॅक' करायचं. त्या उताराचं नावच रिपॅक पडलं. शर्यतीतल्या जो ब्रीझने पुढे १९७७ मध्ये खास याच कामासाठी पहिली फ्रेम बनवली, आणि गॅरी फिशर, चार्ली केली, टॉम रिची यांच्यासारख्यांनी हे वेड धंद्यात उतरवलं.

आजही प्रश्न तोच आहे, फक्त ग्रीस जळत नाही, हात दुखतात. तारेवर चालणारा मेकॅनिकल डिस्क ब्रेक लांब उतारावर पूर्ण हाताने दाबावा लागतो. बोटं आखडतात, हँडलवरची पकड सुटते. हायड्रॉलिक ब्रेक एका बोटाने लागतो आणि किती लावायचा ते नेमकं ठरवता येतं. मुरमावर हीच गोष्ट तुम्हाला सायकलवर ठेवते, कारण तिथे ब्रेक कमी लागून होत नाही तितकी फजिती एकदम जास्त लागून होते. त्यामुळे ३५ हजारांच्या वर मेकॅनिकल ब्रेक असलेली सायकल मी तरी सुचवणार नाही, बाकी काहीही चांगलं असो.

फार महाग हायड्रॉलिक हवेत असंही नाही. शिमानोचे एमटी२०० किंवा टेक्ट्रोचे सुरुवातीचे हायड्रॉलिक ब्रेक आपल्या टेकड्यांना पुरून उरतात. या दोघांत खनिज तेल असतं. एसरॅमच्या बऱ्याच ब्रेकमध्ये डॉट द्रव असतो, तो हवेतला ओलावा शोषतो, म्हणून मुंबई-कोकणच्या दमट हवेत त्याची सर्व्हिसिंग टाळू नये. दोन्ही एकमेकांत कधीही मिसळायचे नाहीत, आतले रबरी सील खराब होतात. गाडीच्या ब्रेकचं तेल सायकलीत ओतणारा मेकॅनिक दिसला तर सायकल उचलून घरी आणा.

डिस्कच्या चकतीवर 'रेझिन पॅड ओन्ली' असं कोरलेलं असेल तर तिच्यावर धातूचे पॅड चालत नाहीत, चकती खरवडली जाते. रेझिन पॅड पावसाळ्यात चिखलामुळे भराभर झिजतात. एक जोडी घरात जास्तीची ठेवा.

एकवीस गिअर आणि दहा गिअर, चढाला सोपी कोणती?

आता गिअर. 'ह्यात २१ आहेत, ह्यात दहाच' हे वाक्य दुकानात हमखास ऐकू येतं आणि घरची मंडळी लगेच २१ वाल्या सायकलीकडे वळतात. हिशोब करून बघू.

२१ गिअरच्या एका नेहमीच्या मांडणीत पुढची सगळ्यात छोटी दातेरी चकती २४ दात्यांची आणि मागची सगळ्यात मोठी २८ दात्यांची असते. म्हणजे पायडलच्या एका फेरीत मागचं चाक ०.८६ फेरी फिरतं. दहा गिअरच्या सायकलीत पुढे एकच ३२ दात्यांची चकती आणि मागची मोठी ४६ दात्यांची असेल, तर एका फेरीत चाक ०.७० फेरी फिरतं. जितका आकडा कमी तितका चढ सोपा. म्हणजे दहा गिअरवाली सायकल चढाला सोपी! २१ पैकी कित्येक गिअर एकमेकांची नक्कल असतात, ते नुसते मोजण्यापुरते.

पुढे एकच चकती असण्याचे आणखी फायदे: डावा शिफ्टर नाही, पुढचा डिरेलर नाही, बिघडायला दोन गोष्टी कमी, आणि घळीतून वर येताना कुठलं बटण दाबायचं हा गोंधळ नाही. शिमानोच्या जुन्या उतरंडीत टूर्नी, आल्टस, एसेरा, अलिव्हिओ, डिओर असा चढता क्रम आहे. आता मधल्या पायऱ्यांच्या जागी क्यूज नावाची मालिका आली आहे. मायक्रोशिफ्टचा अॅडव्हेंटही चांगला. मागच्या डिरेलरला क्लच असेल तर दगडांवर चेन फडफडत नाही, निसटतही नाही. पण एक सांगतो, साधा डिओर आणि चांगला फोर्क यांच्या जोडीला, भारी डिरेलर आणि भिकार फोर्कची जोडी कधीच येणार नाही. डिरेलर बाहेरून दिसतो, नाव ठळक असतं, म्हणून कंपन्या तिथे खर्च करतात आणि हब, ब्रेक, फोर्कमध्ये वाचवतात.

चाकं, टायर आणि सराटा

२९ इंची की २७.५ इंची, यावर लोक तासन्‌तास वाद घालू शकतात. थोडक्यात, २९ चं चाक दगडांवरून सहज जातं, २७.५ चं चटकन वळतं. उंची साडेपाच फुटांच्या पुढे असेल तर २९ घ्या, बरीच कमी असेल तर २७.५ सोयीचं. २६ इंची नवी सायकल मात्र आता मोठ्या माणसाने घेऊ नये, चांगले टायर मिळणं दिवसेंदिवस कठीण होत चाललंय.

टायर २.२ ते २.४ इंच रुंद असावेत. आणि आपल्या काट्यांमुळे या बाबतीत मी हट्टी आहे: रिम आणि टायर दोन्ही ट्यूबलेस-रेडी आहेत का ते आधी विचारा. ट्यूबलेसमध्ये टायरच्या आत पातळ सीलंट फिरत असतं. सराटा घुसला की ते भोकापाशी येऊन गोठतं आणि तुम्हाला काही वेळा कळतही नाही. घरी आल्यावर टायरमध्ये सात-आठ काटे रुतलेले दिसतात आणि हवा जिथल्या तिथे. २९ इंची टायरला साधारण १०० मिलिलिटर सीलंट पुरतं. आपल्या उन्हाळ्यात ते लवकर वाळतं, म्हणून दर दोन-तीन महिन्यांनी थोडं भरत राहायचं. पहिल्यांदा टायर बसवताना जोरात हवा लागते. पेट्रोल पंपावरची हवा चालते, फक्त प्रेस्टा व्हॉल्व्हसाठी छोटं पितळी अॅडॉप्टर खिशात हवं.

ट्यूब असेल तर ३० ते ३५ पीएसआय, ट्यूबलेस असेल तर ७० किलोच्या माणसाला २२ ते २८ पीएसआय, इथून सुरुवात करा. नाक्यावरचा हवावाला प्रेमाने टायर दगडासारखं टणक करून देतो. तसं टायर मुरमावर पकड घेत नाही, उसळतं.

मागेही सस्पेन्शन, आणि ती फॅटबाइक

'पुढे एक शॉक, मागे एक शॉक, आणि फक्त २५ हजार!' मागचं सस्पेन्शन म्हणजे बिजागऱ्या, बेअरिंग, शॉक, आणि हे सगळं नीट करायला खर्च येतो. तो खर्च न करता केलेलं मागचं सस्पेन्शन चढावर पायातली ताकद खातं, वर्षभरात खुळखुळायला लागतं आणि दोन किलो वजन वाढवतं. सत्तर हजारांपर्यंत नवी सायकल घेताना मागचा भाग ताठ असलेली, म्हणजे हार्डटेलच घ्या. तिच्यावर वाट निवडायला शिकता येतं हा बोनस.

चार इंची टायरच्या फॅटबाइक रीलमध्ये झकास दिसतात. मूळ उपयोग बर्फ आणि वाळूचा. आपल्याकडच्या स्वस्त फॅटबाइक वजनाला भरभक्कम असतात आणि पुढे सस्पेन्शन असलं तरी कामचलाऊ. अलिबागच्या किनाऱ्यावर फिरायचं असेल तर मजा आहे. टेकडी चढायची असेल तर ढकलत न्यायची तयारी ठेवा.

माप

कपड्यासारखं 'थोडं मोठं घेऊ, मुलगा वाढेल' इथे चालत नाही. सायकलच्या मधल्या दांड्यावर दोन्ही पाय टेकवून उभं राहा. दांडा आणि जांघ यांत किमान दोन इंच जागा हवी. मग पायडलवर उभं राहून हँडल धरा, उतारावर असल्यासारखे गुडघे-कोपरं वाकवा. छाती हँडलला भिडतेय किंवा हात ताणले जातायत असं वाटलं तर माप चुकलंय. प्रत्येक कंपनीचं 'एम' वेगळं असतं, त्यामुळे उंचीचा तक्ता त्या त्या कंपनीचाच वापरा. हँडल ७२० ते ७६० मिलिमीटर रुंद असेल तर उतारावर ताबा चांगला राहतो. फारच रुंद वाटलं तर टोकं कापता येतात.

पैसे कुठे, किती

पन्नास हजार हातात असतील तर पन्नासची सायकल घेऊ नका, बेचाळीस-त्रेचाळीसची घ्या. उरलेल्यात सायकलचं हेल्मेट, हातमोजे, पंप, जास्तीची ट्यूब, मल्टिटूल, सीलंट आणि पहिली सर्व्हिसिंग बसते. हेल्मेटवर ईएन १०७८ किंवा सीपीएससी अशी खूण बघा. बाइकचं जड हेल्मेट घालून टेकडी चढता येत नाही, आणि क्रिकेटचं हेल्मेट यासाठी बनलेलं नाही.

साधारण अपेक्षा अशी ठेवा. पस्तीस ते पंचेचाळीसमध्ये हायड्रॉलिक ब्रेक, कॅसेट आणि बरा स्प्रिंगचा फोर्क मिळाला तर सौदा ठीक. पंचेचाळीस ते साठमध्ये हवेचा फोर्क आणि पुढे एकच चकती मागायला हरकत नाही. त्यापुढे टेपर्ड गळा, थ्रू-अॅक्सल, ट्यूबलेस-रेडी चाकं हे तिन्ही असलेच पाहिजेत. २२ सप्टेंबर २०२५ पासून सायकली आणि त्यांच्या सुट्या भागांवरचा जीएसटी १२ टक्क्यांवरून ५ टक्क्यांवर आला आहे, तेव्हा जुना स्टॉक असेल तर बिलावरचा कर नीट बघा. मागच्या वर्षीच्या रंगाची सायकल सवलतीत मिळत असेल तर खुशाल घ्या. रंगाने उतारावर काही फरक पडत नाही.

जुनी सायकल? याच पैशांत वरच्या दर्जाची मिळू शकते, कारण हौसेने घेऊन बाल्कनीत ठेवलेल्या सायकली शहरात पुष्कळ आहेत. बघताना फोर्कच्या चकचकीत नळ्यांवर नख फिरवा. नख अडकलं तर आतले सील फाटत असणार. फ्रेमच्या गळ्याजवळच्या आणि पायडलजवळच्या वेल्डिंगवर केसासारखी भेग आहे का ते उन्हात धरून बघा. पुढचा ब्रेक दाबून सायकल पुढे-मागे हलवा, हँडलपाशी टकटक जाणवली तर बेअरिंग सैल आहे. ते बहुधा दुरुस्त होतं, भेग होत नाही. आणि मूळ बिल मागा. चोरीच्या सायकली कमी नाहीत.

ऑनलाइन मागवलेली सायकल अर्धवट जोडलेली येते. उरलेली जोडणी करताना चिमटा उलटा बसवल्याचे फोटो तुम्ही पाहिलेच असतील! सायकलवर बसल्यावर पुढच्या डिस्कचा ब्रेक तुमच्या डाव्या हाताकडे हवा. उजवीकडे दिसला तर चालवू नका. जोडणी मेकॅनिककडूनच करून घ्या, आणि शंभर-दीडशे किलोमीटरनंतर एकदा पुन्हा दाखवा. नव्या केबल ताणल्या जातात, तारा सैल होतात.

वाट कुणाची?

सायकल आली म्हणजे वाट आपली झाली असं नाही. टेकड्यांचा बराच भाग वनखात्याकडे असतो. ठाण्याचं येऊर संजय गांधी राष्ट्रीय उद्यानात येतं. अभयारण्यात आणि राष्ट्रीय उद्यानात परवानगीशिवाय शिरणं हा वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२ नुसार गुन्हा आहे. नाक्यावर विचारा, वेळा पाळा. पायवाटेवर चालणाऱ्याचा हक्क पहिला. आजी-आजोबा समोरून येत असतील तर पाय टेकवून थांबा, घंटी वाजवत घुसू नका. पावसात ओल्या मातीवर चाकांनी पडलेल्या चाकोऱ्यांतून पाणी वाहतं आणि वाट धुऊन जाते, म्हणून मोठ्या पावसानंतर एक-दोन दिवस टेकडीला सुट्टी द्या.

शेवटी दुकानातून निघण्याआधी एक छोटी वस्तू मागून घ्या: डिरेलर हँगर. मागच्या डिरेलरला फ्रेमशी जोडणारा हा अंगठ्याएवढा धातूचा तुकडा मुद्दामच मऊ ठेवलेला असतो, सायकल उजवीकडे दगडावर आपटली तर फ्रेमऐवजी तो वाकावा म्हणून. अडचण अशी की तो प्रत्येक फ्रेमचा वेगळा असतो. ऐन हिवाळ्यात, चालवायच्या दिवसांत तो मोडला आणि दुकानदाराने मागवून देतो म्हटलं, की कित्येकदा आठवड्यांवर आठवडे जातात. काहीशे रुपयांचा तुकडा आहे. दोन घ्या, एक सीटखालच्या पिशवीत टाका.